लावणाऱ्याने रेघ ओढायची नाही

सव्वीस वर्षं मी पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवलं. षट्कोनी डोक्याचा बोल्ट समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो, हे फळ्यावर इतक्यांदा काढलं की झोपेतसुद्धा काढीन. पण हातात पाना धरून खराखुरा बोल्ट आवळायची वेळ आली ती निवृत्त झाल्यावर, आणि तीही हौस म्हणून नाही. वडिलांना घरातून बाहेर काढायचं होतं म्हणून.

वाक्य वाईट वाटतं, मला कळतं. पण गोष्ट तशीच होती. पर्वतीच्या पायथ्याशी असलेली आमची जुनी सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. बारा बिऱ्हाडांपैकी अकरा गेली. जाताना लोकांनी दारं नेली, खिडक्यांची ग्रिलं नेली, बेसिनं नेली, एकाने तर जिन्यातला बल्बसुद्धा काढून नेला. उगाच नाही पुणेकर म्हणत आम्हाला. उरले ते दुसऱ्या मजल्यावरचे आमचे बाबा. वय शहाऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट कधी नव्हतीच. चार महिन्यांत ते एकदाही खाली उतरले नव्हते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांचं विसरणं वाढतच चाललं होतं. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं आणि गोळी मात्र एवढीशी दिली.

महिनाअखेरीला पाणी तोडणार, अशी नोटीस जिन्यात चिकटवली होती. धायरीच्या माझ्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी खोली तयार होत होती, बाथरूममध्ये धरायचे दांडे बसत होते. आणि बाबांचं एकच पालुपद. "गाडी स्वतःच्या चाकांवर निघेल त्या दिवशी मी निघेन. तिला टेम्पोत घालून न्यायची असेल तर मलाही टेम्पोतच घाला. आडवा."

मी खूप आदळआपट केली. रिकाम्या इमारतीत एकटे राहाल, जिन्यात पडाल, कुणाला कळणारसुद्धा नाही, असं सगळं सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "एकटा कुठाय?" मी विषय तिथेच सोडला आणि सामान घेऊन त्यांच्याजवळ राहायला आले.

गाडी म्हणजे काळी, चार दारांची, गोल दिव्यांची. मी दुसरीत होते तेव्हा आली. खाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आई आजारी पडली तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं, सुरूच केली नव्हती. ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन उघडलं, साफ केलं, परत बसवलं. "आता पुढची बाजू राहिली. पुली आणि बोल्ट तेवढे तुम्ही आणा, मग बघू," असं म्हणून गेला तो गेलाच. फोन उचलेना. म्हटलं, मरू दे, मीच करते. ज्याने आयुष्यभर चित्रं काढली त्याला बोल्ट लावता येऊ नये?

इथे आईबद्दल सांगायला हवं. बाबा कारखान्यात फिटर होते आणि आई त्याच कारखान्यात तपासणी विभागात. त्या काळी वर्कशॉपमध्ये बायका मोजून दोन. आईने बाबांचं काम तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा त्यांच्याशी लग्न केलं, असं बाबा सांगायचे. त्या विभागाचा एक नियम होता, तो तिने घरीही आणला. जो बोल्ट लावतो त्याने त्यावर रेघ ओढायची नाही. दुसऱ्या माणसाने पाना लावून तपासायचं, समाधान झालं तर बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर उतरणारी एक लाल रेघ काढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. पसंत नसलेला बोल्ट ती काढून वर्तमानपत्रावर उलटा, डोकं खाली करून ठेवायची. बोलायची काही नाही. बाबा रविवारी गाडीखाली घुसायचे आणि संध्याकाळी हाक मारायचे, "अगं, रेघ ओढायला ये." मग ही बाई नेलपॉलिशची बाटली घेऊन उतरायची. आयुष्यात तिने नखाला रंग लावला नाही, पण लाल बाटली घरात कायम असायची. आई डावखुरी होती. तिची रेघ वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरायची. उजव्या हाताच्या माणसाची बरोबर उलटी जाते. मी ड्रॉइंगची मास्तरीण. मला रेघ बघून हात कळतो.

गाडीत ती मागे बसायची. "पुढे बसलं की तुमचं ड्रायव्हिंग दिसतं," म्हणायची. निघताना बाबा मान न वळवता विचारायचे, "बसलीस?" आणि मागून दर वेळी तेच उत्तर यायचं, "बसल्येय. निघा आता, मुहूर्त काढायचाय का?" त्याशिवाय गाडी पहिल्या गिअरमध्ये पडली नाही कधी.

तर, इंजिनाच्या पुढे तीन पुल्या असतात. एक खाली, इंजिनाच्या दांड्यावर. एक वर, पाण्याच्या पंपावर, आणि तिच्याच पुढे पंखा. एक बाजूला, डायनॅमोची. एकच पट्टा तिघींवरून फिरतो. पंपावरच्या पुलीची खाच गंजाने खाल्ली होती आणि तिचे चारही बोल्ट असे गंजले होते की डोकी कापून काढावी लागली. मी ठरवलं, आता या गाडीत गंज शिरता कामा नये. सगळं नवं, सगळं चकचकीत.

धायरीला माझ्या फ्लॅटच्या मागच्या रस्त्याला एक लेथवाला आहे. जुनी पुली बघून तो म्हणाला, "म्याडम, ही बिडाची हाय. वाईट न्हाई. खाच तेवढी साफ करून देतो, अजून तुमच्या नातवाला पुरंल."

"मला ॲल्युमिनियमची नवी हवीय. हलकी, न गंजणारी."

"करतो की. माझं काय जातंय."

बोल्टांसाठी बुधवार पेठेच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे एक चाचा आहेत, तीन पिढ्यांचं नटबोल्टांचं दुकान, पांढरी दाढी, दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक बाहेरच उभं. बाबांचे जुने दुकानदार. मी यादी पुढे केली, सगळे स्टेनलेस स्टीलचे द्या म्हटलं.

"काय धरून ठेवायचंय?" त्यांनी विचारलं.

"गंज नको आहे मला."

"ते ऐकलं, बेटी. धरून काय ठेवायचंय?"

"झाकणं आहेत, पाण्याच्या नळीचं तोंड आहे, पंपाची पुली आहे."

"झाकणांना स्टील लावा खुशाल. नळीलाही लावा. पुलीला नको. स्टील म्हणजे जावई. पाटावर बसवायला चांगला, गोणी उचलायला नाही." त्यांनी खालच्या खणातून मळकट पिवळसर रंगाचा एक बोल्ट काढला, डोक्यावर आकडे कोरलेले. "हा न्या. पोलाद मजबूत, वर झिंक चढवलेलं. आणि पुली बिडाचीच राहू द्या. ॲल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट लावाल तर दोघांचं पटत नाही. पाणी लागलं की ॲल्युमिनियम झिजत जातं."

"हा गंजेल की."

"दहा वर्षांनी. तोवर सुटणार नाही. गंजायला नको की सुटायला नको, ते आधी ठरवा." मग बोल्ट खणात टाकत म्हणाले, "तुमचे वडील नेहमी दोन्ही न्यायचे. म्हणायचे, घरी तपासणी आहे. एक आठवड्याने नको असलेले परत यायचे."

मला राग आला. का आला ते आता कळतं. आयुष्यभर मुलांना बोल्ट शिकवले आणि आता दुकानात उभी राहून मला कुणीतरी बोल्ट शिकवत होतं. मी ताठ्यात म्हटलं, "सगळे स्टीलचेच द्या." त्यांनी मोजून दिले.

दोन दिवसांत मी सगळं लावलं. सकाळी आठला शेडमध्ये उतरायचं, बारापर्यंत काम, मग वर येऊन बाबांना जेवू घालायचं. एक ते चार ते झोपतात, ही आमच्या घरची घटना आहे. भूकंप झाला तरी उठणार नाहीत. ते झोपले की दाराला बाहेरून कडी न लावता ते नुसतं ओढून घ्यायचं आणि धायरीला जाऊन सुताराच्या डोक्यावर बसायचं. शेडला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, बॉनेट उचललं, आणि तशीच उभी राहिले.

वरच्या झाकणाच्या प्रत्येक बोल्टावर लाल रेघ होती. नळीच्या दोन्ही बोल्टांवर होती. डायनॅमोच्या बोल्टावर होती. बारीक, सरळ, न थरथरलेली. आणि प्रत्येक रेघ वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरत होती.

पुलीचे चार बोल्ट तेवढे कोरे होते.

भर सकाळ होती, बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि मी बॉनेटला धरून उभी. बोटाने रेघ चाचपून बघितली. वाळलेली होती. कुलूप शाबूत होतं. वर जाऊन बघितलं तर बाबा पेपर उलटा धरून वाचत होते. बोटं टेबलावर ठेवली की कप वाजायचा, इतका हात थरथरणारा माणूस. आणि तो उजव्या हाताचा. "बाबा, खाली कुणी आलं होतं का?" विचारलं तर म्हणाले, "मी कुठे खाली जातो? जिना उतरवतो का मला?"

त्यांचा पायजमा तेवढा मागून पांढरट चुन्याने भरला होता. भिंतीला टेकून बसले असतील, म्हणून मी तो धुवायला टाकला. दोन दिवसांपूर्वीही असाच धुतला होता. बाई, डोळे होते ना तुला? पण माणूस ज्या दिशेला बघायला घाबरतं, त्या दिशेला त्याला काही दिसत नाही.

वॉचमनला विचारलं. हा आठ महिन्यांपूर्वी वाशिमकडून आलेला, आईला त्याने कधी पाहिलेलं नाही. तो सहज म्हणाला, "त्या आजी येतात नं दुपारी. हिरव्या शालीवाल्या."

"कोण आजी?"

"तुमच्याच घरच्या असतीन. जिन्यातून येतात, शेड उघडतात, अर्धा-पाऊण तास बसतात अन् जातात. मी म्हटलं, म्हाताऱ्या मानसाले काय विचारावं."

हिरवी शाल आईची होती. शेवटच्या वर्षी तिला उन्हातही थंडी वाजायची, तेव्हा डोक्यावरून घ्यायची ती. मी कुणालाही दिली नव्हती. कपाटात होती.

या ठिकाणी शहाण्या बाईने काय केलं असतं? दुपारी घरी थांबून बघितलं असतं. मी काय केलं? चिडले. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. पाणी तोडायला नऊ दिवस उरले होते आणि मला कोण सांगतंय माझे चार बोल्ट नापास म्हणून? मी नाक्यावरून एक लाल नेलपॉलिशची बाटली आणली, आणि त्या चार कोऱ्या बोल्टांवर माझ्या उजव्या हाताने माझ्या रेघा ओढल्या. ठसठशीत. मग इंजिन सुरू केलं. सात वर्षांनी ते खोकलं, धुरकटलं आणि चालू झालं. वरच्या खिडकीतून बाबांचा आवाज आला, "शाब्बास!" मला रडूच फुटलं.

दहा मिनिटांनी पट्टा किंचाळायला लागला. बंद करून बघितलं तर चारही रेघा तुटल्या होत्या. बोल्ट फिरले होते. अजून थोडा वेळ चालवलं असतं तर पुली पंख्यासकट सुटली असती. मी चारही परत करकचून आवळले, स्वतःलाच म्हटलं, आधी नीट आवळले नव्हते, आणि धायरीला निघून गेले.

दुसऱ्या सकाळी ते चारही बोल्ट गाडीसमोर जमिनीवर होते. वर्तमानपत्रावर, एका ओळीत, उलटे, डोकी खाली करून. माझ्या रेघा रॉकेलने पुसून काढल्या होत्या. शेडमध्ये वास येत होता.

त्या दिवशी मी धायरीला गेले नाही. बाबांना जेवू घातलं, "येते हं" म्हणून दार ओढलं आणि शेडमध्ये मागच्या बाजूला, जुन्या टायरांच्या पलीकडे स्टूल घेऊन बसले. बाहेरून कुलूप वॉचमनला लावायला सांगितलं होतं. दुपारचा दीड. पुण्यातली दुपार म्हणजे एरवीही सामसूम, त्यात रिकामी इमारत. दारं नसलेल्या घरांतून वारा आत शिरून कुठेतरी कागद फरफटत नेत होता. मग जिन्यातून आवाज यायला लागला. घासत येणारा. घास, थांब. घास, थांब. एकेका पायरीवर बसून, पुढच्या पायरीवर घसरत कुणीतरी खाली येत होतं. छत्तीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करायचं सुचत नव्हतं.

दार उघडलं. दुसरी किल्ली होती, आईच्या शिवणाच्या डब्यातली. मला ती आठवलीच नव्हती. आणि आत आली हिरवी शाल. डोक्यावरून घेतलेली, हनुवटीखाली मुठीत धरलेली, आई धरायची तशीच. शालीखाली पायजमा होता.

बाबा होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण नाही वाटलं. कारण चालणं बाबांचं नव्हतं. आईसारखं एका अंगाला झुकून, गाडीला हात लावत लावत ते पुढे आले, डाव्या हाताने बॉनेटची कडी सोडवली आणि डाव्या हातात पाना घेतला. तो हात थरथरत नव्हता.

"अगं, बघ तरी," बाबांच्या आवाजात ते म्हणाले.

"बघतेय. डोळे आहेत मला," त्यांनीच उत्तर दिलं. आवाज चढवला नाही, बारीक केला नाही. फक्त शब्द तिच्यासारखे तोडले.

माझ्या हाताने टायर हलला. त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं बाबांचं नव्हतं. बाबा हल्ली माझ्याकडे बघतात ते ओळख शोधत बघतात. ही नजर मला पुरती ओळखत होती, शाळेच्या प्रगतिपुस्तकासकट.

"ती रेघ कुणी ओढली?"

कसंबसं म्हटलं, "मी."

"लावलं कुणी?"

"मीच."

"लावलंस तू, तपासलंसही तूच, आणि पासही तूच केलंस. वा! मग मी कशाला?" शाल सारखी केली. "घाई. लहानपणापासून घाई. दिसायला छान झालं की झालं तुझं काम."

हे आईचं वाक्य होतं. शब्द न् शब्द तिचं. दहावीच्या सुट्टीत मी साडीला फॉल लावला होता तेव्हाचं. बाबा तेव्हा घरात नव्हते. मी आजतागायत याचा विचार करते. तिने नंतर त्यांना सांगितलं असेल. पन्नास वर्षांच्या संसारात नवराबायको एकमेकांना काय काय सांगतात, आपल्याला काय ठाऊक.

"चुकलं, आई," मी म्हटलं. म्हटलं खरं, आणि मग मला भयंकर भीती वाटली. म्हणजे, मी हिला आई म्हटलं तर मग दुसरे कुठे गेले? विचारू नये ते मी विचारलं. "बाबा कुठायत?"

"वर झोपलेत," शालीतून उत्तर आलं. "त्यांना कुठे जिना उतरवतो?"

मी त्यांना धरून वर नेलं नाही. त्यांनी धरू दिलं नाही. मी फक्त मागे चालत राहिले आणि ते एकेक पायरी चार पायांवर चढत गेले. वर पोचल्यावर त्यांनी शाल काढली, घडी केली, कपाटात ठेवली, पलंगावर आडवे झाले आणि घोरायला लागले. चार वाजता उठून चहा मागितला. अर्धा कप झाल्यावर आवाज खाली आणून मला म्हणाले, "तुझी आई दुपारची खाली जाऊन काय करते गं? मला सांगत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोकं टेकून रडले. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, असं होऊ शकतं, विरोध करू नका, जिन्याला मात्र एकटं जाऊ देऊ नका. ठीक. पण मला कळून चुकलं होतं की बाबांना इथून काढायचं तर परवानगी बाबांची नाही, तिची लागणार. आणि ती हट्टाने नाही, नियमाने चालायची.

दुसऱ्या दिवशी चाचांसमोर उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, खालचा खण उघडला आणि विचारलं, "तपासणीत नापास?" मी मान हलवली. ते हसले नाहीत. चार झिंकचे बोल्ट, चार स्प्रिंग वॉशर पुडीत बांधून दिले. लेथवाल्यानेही जुनी बिडाची पुली कोपऱ्यातून काढली. खाच आधीच साफ करून ठेवली होती. "मला म्हाइत हुतं, परत येणार तुम्ही," म्हणाला. जगात मी एकटीच शहाणी नव्हते तर.

पुली बसवली, बोल्ट लावले, आणि रेघ न ओढता थांबले. दीड वाजता जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले आणि खालून हाक मारली, बाबा मारायचे तशी, "अगं आई, रेघ ओढायला ये."

घास, थांब. घास, थांब. या वेळी मी प्रत्येक पायरीला पुढे होते. तिन्ही पुल्या एका ओळीत आहेत का बघायला दोरा ताणून धरावा लागतो. एक टोक मी धरलं, दुसरं शालीतल्या हाताने. दोरा तिन्ही कडांना सारखा टेकला. मग त्या डाव्या हाताने चारही बोल्टांना पाना लावून बघितला, आणि शालीच्या आतून बाटली निघाली. जुनी, झाकणावर आईच्या दातांच्या खुणा असलेली. चार रेघा. डावीकडून उजवीकडे, खाली.

बाटली तिने परत आत ठेवली नाही. माझ्या हातात दिली. "आता तू बघत जा," म्हणाली. म्हणाले. मला अजून ठरवता येत नाही कुठला शब्द लिहू.

इंजिन अर्धा तास चालवलं. एकही रेघ तुटली नाही.

महिन्याच्या एकोणतीस तारखेला सकाळी वॉचमनने आणि मी बाबांना खुर्चीत बसवून खाली आणलं. ते बाबाच होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, गुडघ्यांना शिव्या. मी कपाट शेवटचं रिकामं करून आले आणि हिरवी शाल मागच्या सीटवर ठेवली, मागे राहू नये म्हणून. बाबा पुढे माझ्या शेजारी बसले. मी चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं. बाबांनी पुढे काचेतून बघत, मान न वळवता विचारलं,

"बसलीस?"

मागून काय येणार?

त्यांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं, "अगं, बसलीस का?" मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. एखाद्या लहान मुलाला गर्दीत हात सुटल्याचं कळतं तसा. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. "राहिली वाटतं वर," ते पुटपुटले. "तिला घेऊन येतो." दार उघडलं. एक पाय बाहेर पडला. मला स्वच्छ दिसत होतं, हा माणूस आता उतरला तर पुन्हा कधी बसणार नाही.

तेव्हा मी बोलले. विचार करून नाही. माझ्याच तोंडून, पण मला न विचारता ते आलं, शब्द तोडून, कंटाळल्यासारखं.

"बसल्येय. निघा आता, मुहूर्त काढायचाय का?"

बाबांचा पाय आत आला. त्यांनी दार ओढून घेतलं, नीट लागलं का ते ढकलून बघितलं, आणि मागे न बघताच हसले. "मी कुठला निघतोय," म्हणाले. "आज पोरगी चालवतेय."

फाटकाशी वॉचमनने हात जोडले. आधी बाबांना, मग मला. मग वाकून मागच्या सीटकडे बघत म्हणाला, "या बरं, आजी." मागे शाल होती, त्याला शाल दिसली असणार. पुढे वाटभर मी आतल्या आरशात मागचा रस्ता बघितला नाही. बाजूचे आरसे होते, त्यांवर भागवलं. सिंहगड रोडला नेहमीसारखी गर्दी होती आणि गाडी एकदाही तापली नाही.